पहिलं पाणी

४ मार्च
यंत्र सुरू झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झोपच आली. गेला आठवडाभर तळघरात उभी राहून पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत.

इमारतीतल्या सगळ्या घरांच्या न्हाण्यांचं, बेसिनांचं आणि कपडे धुण्याचं पाणी आजपासून गटारात जात नाही, खाली टाकीत येतं. आधी जाळी, मग सिरॅमिकच्या नळ्या, म्हणजेच मेम्ब्रेन. नळ्यांच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. पाणी पार होतं, मळ आतच राहतो. त्यातूनही जे विरघळलेलं निसटतं, म्हणजे साबणाचा अंश, रंग, वास, त्याला ओझोन आणि पेरॉक्साइड संपवतात. ऑफिसातले माझे सर सगळ्यांना एका वाक्यात सांगतात, मेम्ब्रेन गाळतं, ओझोन जाळतो. निघालेलं पाणी वर संडासाच्या फ्लशला जातं. संडासाचं पाणी मात्र पूर्वीसारखं थेट गटारात.

चाचणीसाठी दुसऱ्या कुठल्या इमारतीने जागा दिली नाही. शेवटी बाबांनी आमच्याच सोसायटीच्या बैठकीत हात जोडले. मला ते आवडलं नाही. आपल्याच घराखाली आपल्याच यंत्राची परीक्षा, हे बरोबर नाही असं मी सरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, परीक्षा यंत्राची आहे, तुझी नाही. पण अहवालावर सही माझी असणार आणि नोकरीत मी अजून तात्पुरती आहे. चाचणी चांगली झाली तर मुलांच्या हॉस्पिटलची लाँड्री हे यंत्र घेणार आहे. म्हणजे परीक्षा माझीही आहेच.

आज यंत्र बघायला माणसं येणार म्हणून आईने सकाळीच तळघराची फरशी पुसून ठेवली होती. आईचं असंच आहे. भांडीवाल्या मावशी यायच्या आत ती भांडी विसळून ठेवते. मावशी म्हणतात, मग मी काय करू, नुसती शोकेसमध्ये मांडू? दाताच्या डॉक्टरकडे जाताना ती दोनदा दात घासते. दुसऱ्याने आपली घाण काढायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

७ मार्च
तुंबलं. तेही तीनच दिवसांत. दाबाचा काटा चढत गेला, भोंगा वाजला, पंप आपोआप बंद झाला. जाळीवर केसांचा गोळा, टॉवेलचे धागे, आणि नळ्यांच्या तोंडाशी तेल-साबणाचा करडा चिकट थर. पाणी उलटं सोडून नळ्या धुतल्या, तरी पुरेसं झालं नाही. सर म्हणाले, सुरुवातीला होतं असं, पण दर तिसऱ्या दिवशी व्हायला लागलं तर हॉस्पिटलसमोर कोणत्या तोंडाने उभं राहणार?

जेवताना मला रडू फुटलं. बाबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. आईने मात्र बारकाईने विचारलं, त्याला नक्की काय चालत नाही? मी सांगितलं, केस, धागे, तेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपड्यांचं साबणाचं पहिलं पाणी. एखाद्या पाहुण्याला काय पचत नाही ते ऐकून घ्यावं तसं तिने ऐकून घेतलं. मग माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तिला यातलं काय कळणार, पण विचारलं म्हणून बरं वाटलं.

१५ मार्च
काटा जागचा हलत नाही. नळ्या नव्यासारख्या आहेत. आठवडाभर एकदाही भोंगा नाही. सर खूश आहेत. वरच्या साहेबांना सांगताना ते माझा उल्लेख ‘आमची मुलगी’ असा करतात, हे आज कानावर आलं.

मी काय वेगळं केलं? काहीच नाही. वेळा त्याच, मात्रा त्याच. रोजच्या नोंदीत लिहिलं, ‘सुधारणेचं कारण कळलं नाही’. सर म्हणाले, हे वाक्य कशाला, चांगल्या गोष्टीला कोणी कारण विचारत नाही.

बाबा विचारतात. त्यांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. लहानपणी मी सारखी आजारी, शाळा उशिरा सुरू झाली, तोवर बेरीज-वजाबाकी मी त्यांच्या दुकानातल्या तराजूवरच शिकले. काटा आपल्याला हवा तिकडे झुकला की आधी पारडी रिकामी करून शून्य बघायचं, हा त्यांचा पहिला धडा. आज त्यांना सांगितलं की यंत्र एकदम गुणी झालंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “शून्य बघितलंस का?” एवढंच म्हणाले आणि आईकडे बघून पेपर उघडला.

दाबमापक उतरवून तपासलं. शून्य ठीक आहे.

२१ मार्च
आता नवीच डोकेदुखी. शुद्ध केलेलं पाणी खपत नाही. वरची टाकी भरलेलीच असते. लोक फ्लश ओढतच नाहीत की काय?

उत्तर मला जिन्यात मिळालं, असं वाटतंय. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकू (त्या घरीच कपडे शिवतात, माझे लहानपणीचे सगळे फ्रॉक त्यांचे) बादली घेऊन संडासाकडे चालल्या होत्या. त्यांचं दार उघडं होतं, मी आत बघितलं, त्यांनी मला बघितलं आणि बादली चक्क पाठीमागे धरली. भरलेली बादली पाठीमागे लपवता येते असं त्यांना का वाटलं कोण जाणे. “काही नाही गं, असंच,” म्हणाल्या.

म्हणजे लोकांना किळस येते. आमचं पाणी संडासातसुद्धा नको. नळाचं चांगलं पाणी बादलीने नेऊन ओततात. पण काकूंना काय बोलणार? ऑफिसात जाऊन पाण्याच्या तपासणीचे निकाल छापून आणले आणि जिन्याखाली लावले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हे पाणी स्वच्छ आहे. कृपया निःशंकपणे वापरा.’

आईची कंबर धरली आहे. घरभर मलमाचा वास. विचारलं तर म्हणते, वय झालं. मी म्हटलं, कपडे मशीनमध्ये टाकत जा ना सगळे. ती म्हणाली, मशीनचं पाणी धरता येत नाही. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तिचं बोलणं कंबर दुखायला लागली की असंच तुटक होतं.

२९ मार्च
येणारं पाणीही कमी झालं आहे. नळातून गळती असेल, मीटर बिघडलं असेल, काहीतरी असेलच. प्लंबरमामांना बोलावलं. त्यांनी गच्चीपासून तळघरापर्यंत प्रत्येक पाइपावर पान्याने ठोकून पाहिलं. गळती नाही. खाली टाकीत वाकून ते बराच वेळ बघत राहिले.

“ताई, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा.”

“या इमारतीतली माणसं आंघोळ करतात ना?”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. टाकीतलं पाणी खरंच पातळ दुधासारखंही राहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यात हात दिसत नव्हता, आज तळ दिसतो. कुठून चांगलं पाणी मिसळत असेल तर एकूण पाणी वाढायला हवं. इथे घाण कमी आणि पाणीही कमी. शिवाय तळघरात ओझोनचा तिखट वास रेंगाळतो. जाळायला काही मिळालं नाही की तो उरतो. पंखा वाढवला, ओझोन कमी केला. बाटली बदलताना हातमोज्याला भोक होतं, पेरॉक्साइडने दोन बोटांची टोकं पांढरी पडली आहेत. चुरचुरतात.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्याकडची कुटुंबं नीटनेटकी आहेत, झालं. तू स्वतःच्याच यशाच्या पाठीमागे हात धुऊन का लागली आहेस?

खरंच, का लागले आहे? कोणी कौतुक केलं की मला आधी चूक शोधावीशी वाटते. हा स्वभाव असेल, नाहीतर आजार.

३ एप्रिल
हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या बाई आल्या होत्या. ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचा. सरांनी दोन पेले पुढे ठेवले, एक आत येणाऱ्या पाण्याचा, एक बाहेर पडणाऱ्याचा. बाईंनी बाहेरच्याकडे पाहिलंही नाही. आतला पेला खिडकीकडे धरला.

“हे घाण पाणी?”

सर म्हणाले, हो, थेट घरांतलं.

“आमच्याकडे शेवटी चादरी खळबळतो ते पाणीही याच्यापेक्षा गढूळ असतं.”

सर नीटनेटक्या कुटुंबांबद्दल बोलू लागले. बाईंनी पेला खाली ठेवला. “साहेब, माझी चादर घाणच येणार. मुलं आजारी असतात, नीटनेटकी नसतात.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हे बंद पडलं तर चालू व्हायला किती वेळ? मी म्हटलं, ते किती तुंबलं त्यावर आहे. त्या म्हणाल्या की मागे एकदा लाँड्री बंद पडली तेव्हा मुलं गादीच्या नुसत्या रेक्झिनवर झोपली होती. तापातल्या मुलाची पाठ रेक्झिनला चिकटते. उचलताना सोडवावी लागते.

त्या गेल्यावर सर म्हणाले, बोलण्यात खडूस आहे, पण घेईल. अहवाल या महिन्यात द्यायचा आहे.

जेवण गेलं नाही. ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

९ एप्रिल
आई पडली. न्हाणीच्या दारात पाय घसरला. मी ऑफिसात होते. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. उजवं मनगट मोडलं आहे. कंबरेला मार आहे, पण हाड शाबूत.

एक्स-रेच्या खोलीबाहेर ती मला हळूच म्हणाली, आत जायच्या आधी हात धुऊन घेऊ का गं? मोडलेला हात.

घरी येऊन न्हाणी पुसली. बादली आडवी पडलेली, जिथे तिथे साबणाचं पाणी, आणि पाणी जाण्याच्या जाळीला एक जुनं तलम फडकं बांधलेलं. त्यात केस आणि धागे. आईला काटकसरीची सवय आहे, कशासाठी तरी बांधलं असेल. सोडून टाकलं. बाबा दारात उभे होते. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, “चहा टाकतो,” आणि साखर दोनदा घातली.

११ एप्रिल
कपडे मी धुतले. ऑफिस, तळघर, आईसाठी हॉस्पिटलच्या खेपा आणि आता हे. बाहेर वाळत घालून आत आले तर शिवणकाकू. आईला डाळिंबं घेऊन आल्या होत्या. आई झोपली होती. काकू न्हाणीत डोकावल्या, मग आवाज उतरवून म्हणाल्या,

“बाळा, तुला कामावर जायचं असतं. तुमच्याकडचं पहिलं पाणी मी येऊन टाकत जाऊ का? आईचा हात बरा होईपर्यंत.”

“कुठे टाकणार?”

“कुठे म्हणजे? संडासात. आम्ही सगळ्याच टाकतो की.”

मी हातातली रिकामी बादली खाली ठेवली. काकूंना वाटलं मला संकोच वाटतोय. म्हणाल्या, त्यात काय, तुझ्या आईने पहिल्याच आठवड्यात सगळ्या मजल्यांवर फिरून सांगितलं होतं. पोरीचं यंत्र नाजूक आहे, जरा बघून पाणी सोडा. साबणाचं पहिलं पाणी, केसांच्या तेलाचं, रंगाचं, फरशी पुसलेलं, सगळं बादलीत धरायचं आणि संडासात ओतायचं. बाकीचं फडक्याने गाळून सोडायचं. वरच्या मजल्यावरच्या तर केस धुवायला बहिणीकडे जातात. “इमारतीची अब्रू आहे गं. बाहेरची माणसं येऊन बघणार. आणि तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू अभ्यासात लक्ष घालावंस म्हणून.” त्यांच्या लेखी मी अजून फ्रॉकमध्येच आहे.

त्या गेल्यावर न्हाणीतल्या स्टुलावर बसून राहिले. बादली, फ्लश, कंबर, फडकं, तळ दिसणारी टाकी. सगळं समोर होतं. मी दाबमापकाचं शून्य तपासत बसले.

लाँड्रीच्या बाईंना मी जवळजवळ सही करून दिली असती.

१२ एप्रिल
आईशी बोलले. वाटलं होतं रागाने बोलेन, पण इतकी थकले होते की राग आलाच नाही.

ती म्हणाली, “तू रडलीस म्हणून केलं. आपली घाण तुझ्या यंत्रात कशी सोडू?”

“आई, ते घाणीसाठीच आहे.”

“ते कळतं मला. पण म्हणून मुद्दाम घाण द्यायची? उद्या लोक बघायला आले तर म्हणतील, हिच्या घरचे कसे राहतात.”

मी तिला रेक्झिनवरच्या मुलाचं सांगितलं. तिने प्लास्टरवर बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे मी उचललेलं सगळं पाणी वाया गेलं.” मला हो म्हणवेना आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. तिच्या केसांत तेल घालून वेणी घातली. तिला एका हाताने येत नाही.

बाबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना? त्यांनी मान हलवली. म्हणाले, “ती इतकी खुशीत होती. मला तिचं मन मोडवेना. तुला म्हटलं होतं शून्य बघ म्हणून.” हे सांगणं झालं का? पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

१३ एप्रिल
सरांच्या दारात दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

सगळं ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. “बाहेर पडलेल्या पाण्याचे आकडे खोटे आहेत?”

“नाहीत.”

“मग?”

“आत आलेलं पाणी घरांतलं नव्हतं, सर. बायकांनी निवडून, गाळून पाठवलेलं होतं. हॉस्पिटलमध्ये कोण निवडणार?”

सरांनी डोळे चोळले. दुष्ट माणूस नाही. त्यांनाही वर तोंड द्यायचं आहे. म्हणाले, नव्याने चाचणी म्हणजे आणखी निदान महिना, आणि तोवर तुझ्या नेमणुकीचं मी काही बोलू शकणार नाही. मग फोन माझ्याकडे सरकवला. “लाँड्रीला तूच सांग. तूच शोधून काढलंस.”

बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. शेवटी म्हणाल्या, “तरी म्हटलं, कपडे न मळवणारी माणसं आहेत तरी कोण. थांबते महिनाभर. माझं जुनं मशीन तेवढं थांबलं म्हणजे झालं.” आणि फोन ठेवता ठेवता, “तुंबलं की फोटो पाठव. चांगले फोटो मला सगळेच पाठवतात.”

जिन्याखालचा ‘निःशंकपणे वापरा’चा कागद काढून टाकला. त्याची लाजच वाटली.

१६ एप्रिल
प्रत्येक दारात जाऊन सांगणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. नमस्कार, कृपया तुमची घाण खाली सोडा. एका काकांनी विचारलं, म्हणजे इतके दिवस आम्ही चुकलो? त्यांच्या सौ. म्हणाल्या, तुम्ही कुठे बादली उचललीत? वरच्या मजल्यावरच्यांना खरंच वाटेना. माझी नोकरी गेली आणि मी रागाने बोलतेय असं त्यांना वाटलं.

दुपारी आईच उठली. प्लास्टर गळ्यात अडकवून, एका हाताने कठडा धरून मजल्यामजल्यावर गेली. काय सांगितलं ते मला ऐकू दिलं नाही. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपलं चुकलं म्हणून सांगणं तिला कधी जमलेलं नाही. पाणी मागितलं आणि पाय वर घेऊन पडून राहिली.

१८ एप्रिल
सकाळी तळघरात उभी होते. फोन वाजला. आई.

“सोडते हं आता.”

“सोड.”

“चादरी आहेत. तुझ्या बाबांच्या बनियनी पण आहेत. फार काळं पाणी आहे गं.”

“चालेल.”

“गाळू नको ना?”

“नको.”

“घ्या, सोडा,” ती तिकडे बाबांना म्हणाली. मग वरून पाइपातून आवाज आला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पाइपातून, मग सगळ्याच. टाकीत करडा फेस आला. खाकरल्यासारखा आवाज करत पंप लागला. ओझोनचा वास तळघरातून गेला, म्हणजे त्याला काम मिळालं. दाबाचा काटा जागचा हलला. दुपारपर्यंत निम्म्यावर, संध्याकाळ व्हायच्या आत लाल रेघेवर. भोंगा वाजला.

बाहेर पडणारं पाणी मात्र पंप बंद होईपर्यंत स्वच्छ होतं. तेवढं नोंदीत लिहिलं. पुढचं ठाऊक नाही. नळ्या रसायनाने धुवाव्या लागतील, जाळी बदलावी लागेल, कदाचित सगळी मांडणीच. महिना पुरेल की नाही, मी असेन की नाही.

झाकण उघडलं. नळ्यांच्या तोंडांवर करडा लगदा, त्यात निळे धागे, पांढरे केस, काळे केस. इमारतीतल्या सगळ्यांचे. लाँड्रीच्या बाईंना पाठवायला फोन काढला, नेम धरला, आणि लक्षात आलं की माझ्या दुसऱ्या हातात फडकं आहे आणि झाकणाची कडा मी आधीच पुसून घेतली आहे. फोटोत बरं दिसावं म्हणून.

पुसलेल्या कडेला बोटाने थोडा लगदा परत लावला. फडकं खाली ठेवलं. मग फोटो काढला.